लेकीचे आजारपण आणि पैशाची जुळणी

नगर रस्त्याने पुण्याकडे जाताना वाघोली आणि खराडी मागे पडली, की येरवडा लागतो. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा या भागांतल्या शेतकऱ्याला येरवडा चांगला ओळखीचा आहे. कोर्टकचेरीला, बाजारहाटाला पुण्यात शिरायचे तर वाट येरवड्यावरूनच. शिवाय इथल्या वस्त्यांमधून आपल्याकडच्या कितीतरी लेकी नांदायला आल्या आहेत. जावई कुठे रिक्षा चालवतो, कुठे कंपनीत कामाला जातो, आणि एका खोलीत दोघांचे बिऱ्हाड असते. दिवाळीला जाताना आपण ज्वारीचे, बाजरीचे बाचके घेऊन याच वस्तीत उतरतो.

पण याच रस्त्याने रात्री-अपरात्री भोंगा वाजवीत रुग्णवाहिकाही येते, आणि येरवड्यावरून, मुळा-मुठेचा पूल ओलांडून ससूनकडे जाते. त्या गाडीत कधी म्हातारे माणूस असते, तर कधी विशी-पंचविशीची मुलगी असते. काल-परवापर्यंत शेणगोठा करणारी, धुणे धुणारी मुलगी अचानक अंथरुणाला खिळते, आणि घरातल्या कर्त्या माणसापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पैसा कुठून आणायचा?

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज याच प्रश्नाचा विचार करू. पीक-पाण्याच्या लेखांत आजारपणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण गावोगाव फिरताना दिसते ते असे, की बी-बियाणे आणि खते यांच्या खर्चाने जितकी शेती मोडली नसेल, तितकी घरातल्या एका मोठ्या आजारपणाने मोडते. ठिबकचे हप्ते, पीककर्ज, मुलाचे शिक्षण असा सगळा बांधलेला हिशेब एका आठवड्यात विस्कटतो. आणि यात मन खाणारी गोष्ट अशी, की पुष्कळदा ते पैसे द्यावेच लागले नसते.

आजार सांगून येत नाही

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्यात काय झाले, ते आठवा. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी या भागांत एकदम रुग्ण निघू लागले. आधी जुलाब किंवा ताप. तो बरा झाला असे वाटते. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या येतात, पाय लुळे पडतात, हातातून पेला सुटतो. या आजाराचे नाव गुलेन-बारी सिंड्रोम. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘जीबीएस’ म्हणतात. पुणे परिसरात रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. दूषित पाण्याशी त्याचा संबंध असल्याचे तपासण्यांत पुढे आले.

या आजारात शरीराची संरक्षण करणारी ताकदच चुकून आपल्या नसांवर उलटते. अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो. तो छातीपर्यंत पोचला, तर श्वासासाठी यंत्र लावावे लागते. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि नंतर अंगाला व्यायाम देऊन पुन्हा चालायला शिकवावे लागते. म्हणजे रोगी हाती लागण्याजोगा असतो, पण उपचार मात्र वेळेवर आणि पुरे व्हावे लागतात.

आता खर्चाचे गणित पाहा. यावर ‘इम्युनोग्लोब्युलिन’ नावाचे औषध शिरेतून देतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातल्या द्रवापासून ते तयार होते, म्हणून ते महाग. रुग्णाच्या वजनावर त्याचे प्रमाण ठरते : दर किलोला साधारण दोन ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. पन्नास किलो वजनाच्या मुलीला शंभर ग्रॅम लागले. पाच ग्रॅमची एक बाटली धरली, तर वीस बाटल्या झाल्या, आणि एकेक बाटली हजारो रुपयांची. त्यात अतिदक्षता विभागाचे रोजचे भाडे मिळवा. खासगी दवाखान्यात दोन-चार दिवसांतच बिल लाखांच्या घरात का जाते, ते यावरून ध्यानात येईल. या साथीत सरकारने मोफत उपचारांची सोय जाहीर केली : पुणे शहरातल्यांसाठी कमला नेहरू रुग्णालय, पिंपरी-चिंचवडकरांसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालय, आणि ग्रामीण भागातल्यांसाठी ससून. पण ज्यांना हे वेळेवर कळले नाही, त्यांची धावपळ व्हायची ती झालीच.

जीबीएस हे एक उदाहरण झाले. मेंदूज्वर, डेंगीतला रक्तस्राव, बाळंतपणातली गुंतागुंत, हृदयाच्या झडपेचा आजार अशी कितीतरी दुखणी तरुण मुलींना अचानक गाठतात. आजार कोणताही असो, पैसा जुळवण्याची वाट एकच आहे.

समजा, ही आपलीच धाकटी

असे धरून चालू, की शिरूर तालुक्यातल्या एका घरची धाकटी लेक आठ महिन्यांपूर्वी येरवड्यात दिली. एके सकाळी तिच्या पायांना मुंग्या आल्या. तिने कोणाला सांगितले नाही, कारण पाहुणे येणार होते. दुसऱ्या दिवशी तिला उंबरा ओलांडवेना. तिसऱ्या दिवशी हात वर होईना, तेव्हा सासरच्यांनी माहेरी फोन केला.

पुढे काय होते, ते आपल्याला पाठ आहे. आई गळ्यातले डोरले काढून पदराला बांधते. चुलता सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. गावातली पोरे तिचा फोटो टाकून मोबाइलवर मदतीचा निरोप फिरवू लागतात. आणि बाप व्याह्यांना सांगतो,

“पाव्हणं, काळजी करू नका. गोठ्यात दोन गाई आहेत, आज रात्रीत एक काढतो.”

त्यावर व्याही जाणता असेल, तर म्हणेल, “दादा, गाय कुठं पळून जात नाही. आधी मला सांगा, पोरीचं नाव कुठल्या रेशनकार्डावर आहे?”

इथे पुष्कळ घरांत दोन्हीकडे शांतता पसरते. लग्न झाले म्हणून माहेरच्या कार्डावरून नाव कमी केले. सासरच्या कार्डावर घालायचे ‘आज करू, उद्या करू’ म्हणत राहून गेले. आठ महिने ती पोर कागदावर कोणाच्याच घरची नाही. माया दोन्ही घरांत मिळून भरपूर, पण दवाखान्याच्या खिडकीवर मायेचा दाखला चालत नाही.

म्हणून सांगायचे ते एवढेच : तरुण मुलीच्या आजारपणात पैशाआधी कागद कमी पडतो. कागद असेल, तर पैशाची निम्मी-अधिक वाट तिथेच संपते. वर्गणी, कर्ज, जनावर विकणे या सगळ्या शेवटच्या पायऱ्या आहेत. आपण मात्र घाबरून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

पहिली पायरी : आधी दाखल करा

रुग्णाला श्वास लागतो आहे, शुद्ध हरपते आहे, हातपाय लुळे पडत आहेत, झटके येत आहेत किंवा रक्तस्राव थांबत नाही, तर पैशाची वाट पाहू नका. १०८ क्रमांक फिरवा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर चालते आणि तिला एक पैसाही द्यावा लागत नाही.

मोठे सरकारी रुग्णालय जवळ असेल, तर तिथे जायला कमीपणा मानू नका. येरवड्यात महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय आहे, आणि पूल ओलांडला की स्टेशनाजवळ ससून. ससून रुग्णालय १८६७ सालचे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले. येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ सुजले, तेव्हा त्यांना इथेच आणले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. आजही सरकारी रुग्णालयात गर्दी असते, खाटेसाठी थांबावे लागते, हे खरे. पण अनुभवी डॉक्टर आणि सर्व शाखा एका छताखाली असतात, हेही तितकेच खरे.

खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात नेले, तरी एक गोष्ट ठाऊक असावी. जीव धोक्यात असलेल्या रुग्णावर प्रथम उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना घालून दिली, तीत तर तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावे, असे म्हटले आहे. २०२५ च्या वसंतात पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न सबंध राज्यात गाजला आणि हा नियम पुष्कळांना तेव्हा प्रथम कळला. भांडण न करता, पण ठामपणे, “हा तातडीचा रुग्ण आहे, आधी दाखल करून घ्या, कागद आणतो,” असे सांगावे.

दुसरी पायरी : शिधापत्रिका पुढे करा

राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये सर्व राज्यात गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. आता दोन्ही एकत्र चालतात. २०२४ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना तिचा लाभ आहे. एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत मिळतात. यात शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण हे सगळे आले.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल झाल्याबरोबर घरातल्या एका माणसाने दुसरे काही न करता आधी आरोग्यमित्राला गाठावे. त्याला विचारायच्या गोष्टी तीन : हे रुग्णालय योजनेत आहे का? हा आजार योजनेत बसतो का? आणि बसत नसेल किंवा इथे सोय नसेल, तर जवळचे कोणते रुग्णालय? तातडीच्या प्रसंगी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद थोड्या मुदतीत देण्याची सोय आहे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. आयुष्मान योजनेसाठी १४५५५.

लागणारे कागद दोनच : जिच्यावर रुग्णाचे नाव आहे अशी शिधापत्रिका आणि तिचे छायाचित्र असलेले ओळखपत्र. आपल्या धाकटीचे घोडे अडले ते नेमके इथे. म्हणून सासरच्यांनी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच हे काम उरकावे. माहेरच्या पुरवठा कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, त्याला विवाह नोंदणीचा दाखला आणि आधार जोडायचे, आणि सासरच्या कार्डात नाव घालण्याचा अर्ज द्यायचा. गावात विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत होते. गावी तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा आणि पुणे शहरात शिधावाटपाचे परिमंडळ कार्यालय नाव घालण्याचे काम करते. तोवर माहेरच्यांनीही थोडा विचार करावा. सासरचा अर्ज तयार झाल्यावरच इकडचे नाव कमी करावे, म्हणजे मधला काळ कमी राहील. नाव आले, की लगेच तिचे आयुष्मान कार्ड काढावे. ते कुटुंबाचे एक नसते; प्रत्येकाचे वेगळे काढावे लागते.

तिसरी पायरी : धर्मादाय खाटा

योजनेत आजार बसला नाही, किंवा रुग्णालय योजनेत नाही, तरी वाट संपत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांतून दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल, तर निर्धन. ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल, तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. पुण्यातली अनेक नावाजलेली रुग्णालये धर्मादाय आहेत. लखलखीत दरवाजा पाहून “हे आपल्यासाठी नाही” असे म्हणून माघारी फिरू नये. खाट शिल्लक नाही असे सांगितले, तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करता येते.

चौथी पायरी : मुख्यमंत्री निधी आणि महापालिका

वरच्या दोन्ही वाटांनी भागले नाही, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करावा. त्याला रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, खासगी रुग्णालय असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडून त्याची पडताळणी, आजाराचे कागद, आधार, शिधापत्रिका आणि १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. मदत मंजूर झाली, तर ती थेट रुग्णालयाच्या खात्यावर जाते. म्हणून रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा. बिल भरून घरी आल्यावर “आता परत मिळतील” अशी आशा धरू नये. पूर्वी यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत. २०२५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणीही कक्ष सुरू झाले आहेत.

आपली लेक पुणे शहरात नांदत असेल, तर महापालिकेची शहरी गरीब योजनाही पाहावी. पात्र कुटुंबाच्या रुग्णालयाच्या बिलातला वाटा महापालिका उचलते. त्याचे कार्ड निरोगी असतानाच काढून ठेवायचे असते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना अपघाताने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास आहे. सर्पदंश, वीज पडणे हे तीत येते. आजारपण येत नाही. तिच्यासाठी कृषी कार्यालयात हेलपाटे मारून वेळ घालवू नका.

पाचवी पायरी : घरचा पैसा, पण हिशेबाने

योजना मिळाली, तरी खर्च राहतोच. दोन माणसांचे पुण्यात राहणे-खाणे, गाडीभाडे, बाहेरून आणायचे एखादे औषध, घरी गेल्यावरचा व्यायाम आणि सकस आहार. यासाठी पहिला हात बचत गटाकडे न्यावा. गटाची अंतर्गत कर्जे अशाच वेळेसाठी असतात, आणि त्यांचे व्याज पुन्हा आपल्याच गटात राहते. सोने असेल, तर ते विकण्यापेक्षा बँकेत किंवा पतसंस्थेत तारण ठेवणे बरे.

सावकाराचा हिशेब मात्र पाटीवर मांडून पाहा. दोन लाख रुपये शेकडा तीन दरमहा घेतले, तर महिन्याला सहा हजार आणि वर्षाला बहात्तर हजार नुसते व्याज. मुद्दल जागेवर. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकारालाही ठरवून दिलेल्या दराहून जास्त व्याज घेता येत नाही, आणि शेतकऱ्यासाठी तो दर इतरांहून कमी आहे. बिनपरवाना सावकारी हा तर गुन्हाच. आणि कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत कोणी मागितले, तर लेक कितीही आजारी असली, तरी त्या कागदाला अंगठा लावू नका.

गाईचेही तसेच. समजा, गाय ऐंशी हजारांची आहे. अडचण ओळखून व्यापारी साठ हजार देतो. रोजचे दहा लिटर दूध गेले. तीस रुपये दर धरला, तर महिन्याला नऊ हजारांची आवक बंद; चारा-पेंड वजा जाता निम्मे धरा, तरी साडेचार हजार. चार महिन्यांनी तीच गाय घ्यायला पुन्हा ऐंशी हजार. आकडे आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्या, पण निष्कर्ष बदलत नाही : चालू उत्पन्न देणारे जनावर सर्वांत शेवटी.

सहावी पायरी : वर्गणी

इतके करूनही कमी पडले, तर गावापुढे पदर पसरण्यात लाज नाही. पडकईने एकमेकांचे शेत आवरणारी आपली माणसे. दुखण्याला ती मागे राहत नाहीत. पण वर्गणी नीट झाली नाही, तर पैसा थोडा जमतो आणि बोल जन्मभराचा लागतो. यासाठी काही गोष्टी पाळाव्यात.

१. आकडा ठरवून मागा. योजनेतून किती मिळाले, घरचे किती, आणि कमी किती पडतात, हे स्पष्ट सांगा. “जमेल ते द्या” यापेक्षा “एवढे कमी आहेत” याला माणूस लवकर हात घालतो.

२. पैसे एकाच बँक खात्यात, आणि ते खाते रुग्णाच्या किंवा तिच्या अगदी जवळच्या माणसाच्या नावे. शक्य असेल, तर देणाऱ्याने रुग्णालयाच्याच खात्यावर भरावे.

३. वही दोघांनी सांभाळावी : एक माहेरचा, एक सासरचा. आठवड्याला जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा देवळात लावावा.

४. गावाबाहेर पावतीपुस्तक घेऊन वर्गणी करायची, तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे. मोबाइलवर येणारे मदतीचे निरोप खात्री केल्याशिवाय पुढे धाडू नयेत. दुसऱ्याच्या दुःखाच्या नावावर आपला क्यूआर कोड चिकटवणारे महाभाग असतात.

५. उरलेल्या पैशाचे काय करायचे, ते आधीच ठरवावे. गावातल्या पुढच्या रुग्णासाठी ते ठेवले, तर एका वर्गणीतून कायमचा आरोग्यनिधी उभा राहू शकतो.

६. सर्वांत महत्त्वाचे : मुलीचा फोटो आणि आजाराचा तपशील फिरवू नका. नळ्या लावलेला, केस विस्कटलेला तिचा चेहरा आज पन्नास हजार माणसे पाहतील. उद्या ती बरी होईल, पण तो फोटो परत येणार नाही. लग्न न झालेली मुलगी असेल, तर “हिला कसलेसे दुखणे झाले होते” हा शिक्का वर्षानुवर्षे पुसत नाही. ती शुद्धीवर असेल, तर तिला विचारा. नसेल, तर तिच्या जागी तुम्ही असता तर काय आवडले असते, ते स्वतःला विचारा. गाव, वय, रुग्णालय आणि रक्कम एवढे सांगितले, तरी देणारा देतो.

खर्च कोणाचा : माहेरचा की सासरचा?

हा प्रश्न दवाखान्याच्या जिन्यावर हळू आवाजात नेहमी निघतो. सासरचे म्हणतात, “दुखणं आधीचंच असेल.” माहेरचे म्हणतात, “दिली तेव्हा धडधाकट होती.” अशा भांडणात दिवस जातात, आणि जीबीएससारख्या आजारात औषध जितके लवकर सुरू होईल तितका गुण चांगला येतो. नांदती सून ही सासरच्या घरची माणूस आहे. तिचे नाव कार्डात घालणे, तिला दाखल करणे, सही करणे ही कामे सासरची. माहेराने धावून यावे, ते मायेने. उपकाराची वही घेऊन नव्हे. आणि दोन्ही घरांनी एक पाहावे : बाईमाणूस दुखणे अंगावर काढते. मुलाला ताप आला, तर आपण गाडी काढतो. सुनेला मुंग्या आल्या, तर “चहा घे, बरं वाटेल” म्हणतो. धाकटीने पहिल्या सकाळीच सांगितले असते आणि कोणी ऐकले असते, तर दोन दिवस वाचले असते.

येरवड्याचे एक स्मारक

येरवड्याजवळ नगर रस्त्यावरच आगाखान पॅलेस आहे. चले जाव चळवळीत गांधीजींना आणि कस्तुरबांना तिथे ठेवले होते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ देशाने निधी जमवायचे ठरवले. पंचाहत्तर लाखांचा संकल्प होता. कोटीच्या वर रुपये जमले आणि २ ऑक्टोबर १९४४ रोजी, गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांच्या हाती दिले गेले. खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी तो पैसा वापरायचा ठरला. त्यातून कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. आपल्याकडे सासवडच्या आश्रमातून प्रेमाताई कंटक यांनी त्याचे काम केले.

आपली माणसे देण्यात कधी मागे नव्हती, हे त्यावरून दिसते. एका स्त्रीच्या मृत्यूनंतर देशाने एवढा पैसा उभा केला, तो खेड्यातल्या जिवंत बायाबापड्यांसाठी. तोच धडा आपण आपल्या घरापुरता घेऊ या. लेकीबाळी गेल्यावर तेराव्याला हजार पाने उठवणारे गाव, ती जिवंत असताना तिच्या नावाचा एक कागद करायला विसरते, असे होऊ नये.

या महिन्यात एवढे करा

पेरणीआधी आपण बियाणे निवडून ठेवतो. तसेच हे काम निवांत दिवसांत करून ठेवायचे आहे. कपाटातली शिधापत्रिका काढा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव मोजा. सून राहिली असेल, तर येत्या आठवड्यात अर्ज द्या. सर्वांची आयुष्मान कार्डे काढा. उत्पन्नाचा दाखला घेऊन ठेवा आणि मुदत संपली की नवा घ्या. आपल्या तालुक्यात आणि पुण्यात योजनेतली रुग्णालये कोणती, ते लिहून भिंतीवर लावा. त्याखाली १०८ आणि १५५३८८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे चष्मा नसलेल्या आजीलाही वाचता येतील. बचत गटात आजारपणासाठी वेगळी रक्कम राखण्याचा ठराव करा. गावात लग्न ठरले, की ग्रामपंचायतीने वधू-वरांच्या घरी आहेराबरोबर नाव घालण्याचा कोरा अर्ज धाडावा, म्हणजे कोणाच्या विसरभोळेपणावर काही अवलंबून राहणार नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा सून आली आहे, त्यांना वेगळे सांगणे : तिच्या अंगाची हळद उतरायच्या आत तिचे नाव तुमच्या शिधापत्रिकेत चढू द्या. उंबऱ्यावरचे माप ओलांडून ती ज्या घरात आली, त्या घरच्या कागदावरही तिची जागा झाली पाहिजे.